मांडीची जखम, चेहऱ्याची जखम

रानडुकरानं मारलेला माणूस आणला की मी आधी त्याच्या मांडीकडं बघायची. जखम बहुतेक तिथंच असायची, गुडघ्याच्या वर, खालून वर फाडत गेलेली. अस्वलानं धरलेला माणूस तोंडावर टॉवेल दाबून यायचा. बिबट्याचा रोख मानेवर. पिसाळलेलं कोल्हं समोर येईल तिथं चावतं, हाताला, पोटरीला, नाहीतर अंगणात झोपलेल्या माणसाच्या नाकाला. सापाचं काम पावलावर किंवा बोटांवर. केसपेपरवर ‘जंगली जानवर का हमला’ एवढंच लिहिलेलं असलं, तरी पट्टी सोडली की जनावर कोणतं ते आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या नर्सला कळतं.

मी त्यांतलीच एक. वडील रावेर तालुक्यातून इथं मिलमध्ये लागले, म्हणून आम्ही नेपानगरचे झालो. घरात मराठी, बाजारात हिंदी-निमाडी, आणि वॉर्डात कोरकू, बारेला, भिलाला अशा सगळ्यांशी कामापुरतं काहीही. वर्तमानपत्राचा कागद करणारी देशातली ही पहिली गिरणी. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली, तेव्हा सातपुड्यातला बांबू आणि सलईचं लाकूड हा तिचा कच्चा माल होता. म्हणजे जंगल होतं म्हणून गाव झालं. पुढं गिरणी रद्दी कागदावर आली, मधली काही वर्षं उत्पादन थांबलं, ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. या सगळ्यात वस्ती कमी-जास्त झाली. रिकाम्या क्वार्टरांच्या मागं घाणेरी माजली की तिथं आधी मुंगूस दिसतं, मग ससा, आणि एखाद्या पावसाळ्यात पाठीवर पट्टे असलेली पिल्लं घेऊन डुकरीण.

ही पट्टेवाली पिल्लं दिसायला फार गोजिरवाणी असतात. शाळेतली पोरं त्यांच्या मागं धावतात. रानडुकराच्या बाबतीत याहून धोक्याचं काही नाही, कारण पिल्लू दिसलं म्हणजे आई वीस-पंचवीस पावलांच्या आत कुठंतरी असते, आणि तिला तुमचा हेतू विचारायची सवय नसते.

जनावर समजून घेतलं तर जखमही समजते. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास जातो, कधी त्याहून वर. सगळं वजन पुढच्या भागात, खांद्यात आणि मानेत. नजर अधू, नाक मात्र असं की जमिनीखालचा कंद वरून हुंगून काढतो. खालचे दोन सुळे बाहेर वळलेले असतात. तोंडाची उघडझाप होताना ते वरच्या सुळ्यांवर घासतात, त्यामुळं त्यांना आयुष्यभर धार राहते. नर चालून येतो तो मान खाली घालून, आणि अंगाला भिडला की डोकं वर झटकतो. उभ्या माणसाची मांडी नेमकी त्या उंचीला येते. मादीचे सुळे आखूड, ती चावते आणि पाडते. पडलेल्या माणसाच्या मग पोटाला आणि हातालाही लागतं.

एक जखम मला अजून बोटानं दाखवता येईल. मक्याच्या शेतात रात्रीची जागल करणारा चाळिशीचा शेतकरी. वरून बघितलं तर दीड-दोन इंचांची फट, कडा साफ, एखाद्याला वाटावं तीन टाके घातले की झालं. सलाइननं धुवायला घेतलं आणि बोट आत गेलं ते जातच राहिलं. आत चिखल, मक्याच्या पातीचा तुकडा आणि दोन राठ काळे केस. रानडुकराची जखम अशी फसवी असते. तोंड लहान, पोट मोठं, आणि त्या पोटात शेतातली सगळी माती. वरून घाईनं शिवून टाकली तर आत पू धरतो, धनुर्वाताचं भय राहतं, हवेशिवाय वाढणारे जंतू मांस सडवतात. म्हणून ती उघडी ठेवून रोज धुवायची, अँटिबायोटिक द्यायचं, आणि नातेवाइकांच्या शिव्या खायच्या, की बाईंनी साधे टाकेसुद्धा घातले नाहीत.

हा माणूस वाचला तो त्याच्या पुतण्यामुळं. मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते, ती फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. पुतण्यानं उपरण्याची घडी जखमेवर ठेवली आणि मोटारसायकल येईपर्यंत स्वतःचा गुडघा तिच्यावर रोवून बसला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. काकाला विचारलं, डुक्कर अंगावर का आलं? म्हणाला, “सिस्टर, ते माझ्यावर नाही आलं. आम्ही तिन्ही बाजूंनी डबे वाजवले. चौथ्या बाजूला मी होतो.”

आमच्याकडं रानडुकराचे बरेच हल्ले या चौथ्या बाजूला होतात. मुद्दाम माणूस शोधत फिरणारं डुक्कर मी तरी ऐकलेलं नाही. कोंडलेलं, कुत्र्यांनी घेरलेलं, छऱ्यानं जखमी झालेलं, पिल्लांजवळचं, किंवा उसात-केळीत झोपलेलं असताना ज्याच्या अंगावर पाय पडता-पडता राहिला ते, एवढेच प्रकार. कुत्र्याची तर आणखी एक गंमत आहे. ते डुकराला छेडतं, डुक्कर उलटलं की मालकाच्या पायांशी पळत येतं, आणि मागून येणाऱ्याला मालक आयता सापडतो. वर्षानुवर्षं हेच ऐकत आले, तरी जागलीला कुत्रं नेणं कुणी सोडत नाही.

मुळात माणूस रात्री शेतात का असतो, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. मध्य प्रदेशातला आमचा बुरहानपूर जिल्हा केळीचा. सीमेपलीकडं रावेर, यावल, मुक्ताईनगरही केळीचंच. ठिबकचं पाणी, बारमाही सावली, दाट खोडं, खाली ओल. भर उन्हाळ्यात सातपुड्याचे डोंगर वाळून कोळसा होतात तेव्हा पायथ्याची केळी हिरवीगार असते. रानडुकराला यापरतं काय हवं? चिखलात लोळायला जागा, खायला कोवळे मुनवे आणि कंद, आणि शेजारीच मका, हरभरा, भुईमूग, ऊस. कळप एका रात्रीत मका नुसता खात नाही, आडवा करतो. पंधरा पोती होतील असं वाटणाऱ्या तुकड्यात सकाळी नांगर फिरवल्यासारखी जमीन दिसते. मादी एका वेतात चार-सहा पिल्लं देते, गाभण काळ चार महिन्यांचा. खायला भरपूर मिळालं की पिल्लं जगतात. त्यांना खाणारे वाघ, बिबटे, रानकुत्री पूर्वेला मेळघाटात आहेत. इकडं यावलपर्यंतच्या जंगलपट्ट्यात त्यांची ये-जा असते, पण विरळ. मुक्ताईनगरकडं, मुक्ताई-भवानीच्या राखीव पट्ट्यात, वाघांनी केळीच्या बागांचा आसरा घेतल्याचं वनखात्यालाही माहीत आहे. केळीची बाग हे आता अर्धं जंगलच म्हणायचं.

जंगलाचं मात्र शेत होत चाललं. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या आसपास, घाघरला-बाकडीच्या बाजूला, झालेली जंगलतोड देशभर गाजली. वनचौकीवरून बंदुका पळवल्या गेल्या, पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. त्या भानगडीचा निवाडा करायला मी कोण? पिढ्यान्पिढ्या तिथं राहणाऱ्या कोरकूचा हक्क वेगळा आणि रातोरात झाडं पाडणारी टोळी वेगळी, एवढं गावात प्रत्येकाला कळतं. मला दिसतं ते नकाशावर. सागवानाच्या मधोमध मक्याचा चौकोन निघाला की त्याच्या चारही कडा जंगलाला लागून असतात. पूर्वी गावाला एक शीव होती. आता शंभर शिवा आहेत, आणि प्रत्येकीवर रात्री कुणीतरी माळ्यावर बसलेलं आहे.

माळ्यावरची हत्यारं बघा. गोफण. पत्र्याचा डबा. दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. बांधावर जुन्या साड्या, डुकराला त्या हलताना दिसतात म्हणून. न्हाव्याच्या दुकानातून गोळा केलेले केस, ते हुंगताना नाकात जातात म्हणून. आठ-दहा रात्री यातलं सगळं चालतं, मग डुक्कर सरावतं. साडीखालून गेलेली त्याची वाट मी स्वतः पाहिली आहे, चिखलात गुळगुळीत झालेली. मग शेतकरी चिडतो, आणि खरा अपघात तिथून सुरू होतो.

पहिला प्रकार तारेचा. बाजारात झटका मशीन मिळतं, बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं. त्याचा दाब हजारो व्होल्टचा, पण झटका क्षणाच्या लहानशा भागापुरता, सेकंद-दीड सेकंदानं एकदा. जनावर दचकून मागं सरतं, मरत नाही, माणूसही मरत नाही. ज्याला हे परवडत नाही, किंवा ज्याचा त्यावर विश्वास बसत नाही, तो लाइनवर आकडा टाकून थेट २३० व्होल्टचा करंट बांधावरच्या उघड्या तारेत सोडतो. हा करंट सोडत नाही, धरून ठेवतो. पावसाळ्यातली ओली जमीन आणि अनवाणी पाय. डुकरासाठी लावलेल्या तारेनं बैल मेले, बिबटे मेले, वाघ मेले, शेजारचा शेतकरी मेला, आणि पहाटे तार काढायला विसरलेला लावणारा स्वतःही मेला. मध्य प्रदेश काय आणि विदर्भ काय, दर हंगामात या बातम्या असतातच. त्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. रानडुक्कर माणसाला मारतं त्यापेक्षा रानडुकराची भीती जास्त माणसं मारते, असं माझं वॉर्डातून झालेलं मत आहे. आकड्यानं ते सिद्ध करून द्या म्हणाल तर मला जमणार नाही.

दुसरा प्रकार गावठी बॉम्बचा. कणकेच्या गोळ्यात किंवा चरबीत दारू भरून वाटेवर ठेवतात, डुकरानं चावला की जबडा उडतो. तो डुकरानंच चावेल याची हमी कोण देणार? गाय चावते. कुत्रं तोंडात धरून अंगणात आणतं. पोरं चेंडू समजून उचलतात. बोटं गेलेला हात शिवताना मदत करणं हे कामाचा भाग म्हणून केलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अस्वलाची गोष्ट वेगळी. वाघाचं नाव मोठं असलं, तरी सातपुड्यातल्या जुन्या माणसाला विचारा, रानात कुणाची भीती वाटते, तो अस्वलाचं नाव आधी घेईल. एकसंध मध्य प्रदेशात, म्हणजे छत्तीसगड वेगळा होण्यापूर्वी, १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी सातशेहून जास्त माणसांवर हल्ले केल्याची आणि त्यांतली ४८ दगावल्याची नोंद संशोधकांनी केली होती. म्हणजे बहुतेक माणसं वाचतात. पण कशी वाचतात ते मी पाहिलं आहे. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढच्या पंजाची लांब नखं कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढतं. डोळा, नाक, ओठ, टाळू. एक तरुण बाई आली होती, ती बोलत होती आणि तिचं बोलणं कुठून येतंय ते समजत नव्हतं. तिला इंदूरला पाठवलं. वर्षभरानं ती पदर चेहऱ्यावर ओढून भेटायला आली. त्या वर्षात तिचं गावातल्या लग्नाकार्याला जाणं बंद झालं होतं. सरकारी तक्त्यात ती ‘जखमी’ या रकान्यात एक आकडा होऊन बसली.

आमच्या भागातली ही भेट बहुधा मोहाखाली होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रभर टपटपतात. ती उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात, उन्हानं वाळतात. बाया, मुली टोपली घेऊन अंधारात निघतात. अस्वलालाही मोहाचं वेड, आणि त्याचीही वेळ तीच. वारुळात किंवा फुलांत तोंड खुपसलेलं अस्वल इतका आवाज करतं की त्याला तुमची चाहूल लागत नाही. नजर त्याचीही अधूच. तुम्ही अचानक पाच पावलांवर आलात की ते घाबरतं, आणि घाबरलेलं अस्वल पळण्याआधी मारतं. म्हणून एकट्यानं जायचं नाही, गप्पा मारत, खोकत, काठी आपटत जायचं, थोडं फटफटीत होऊ द्यायचं. गाठ पडलीच तर पळून उपयोग नाही, ते माणसाहून वेगानं धावतं. पालथं पडायचं, तोंड जमिनीत, दोन्ही हात मानेमागं घट्ट. पाठीची जखम भरते, चेहऱ्याची भरून येत नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना हीच काळजी, शिवाय वाघ-बिबट्याची. वाकून काम करणारा माणूस वाघ-बिबट्याला माणूस वाटतच नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. चंद्रपूरकडं दर उन्हाळ्यात वाघाच्या हल्ल्यांचं जे ऐकू येतं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

बिबट्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याच्याबद्दल पेपरवाले आधीच पुष्कळ लिहितात. खान्देशात २०१७ च्या शेवटी चाळीसगाव तालुक्यात, वरखेडे परिसरात, एका बिबट्यानं एकामागून एक माणसं मारली आणि डिसेंबरमध्ये त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत माझ्या तिकडच्या नातेवाइकांनी संध्याकाळी पाचलाच दारं लावली. असा बिबट्या अपवाद असतो. जुन्नर-अकोले भागात ऊस-मक्यात बिबटे पिढ्यान्पिढ्या माणसांच्या शेजारी राहतात. तिथं विद्या अत्रेय यांच्यासारख्या वन्यजीव अभ्यासकांनी केलेल्या कामातून एक गोष्ट पुढं आली, की दिसला बिबट्या की पकड आणि दूर नेऊन सोड, या उपायानं नव्या जागी माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. पिंजरा लावा म्हणून मोर्चा काढणाऱ्यांनी हे एकदा ऐकून ठेवावं.

आता जी गोष्ट ऐकायला सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत महत्त्वाची, तिच्यापाशी जरा थांबते. जनावर कोणतंही असो, कोल्हं, लांडगा, मुंगूस, माकड, अस्वल, रानडुक्करसुद्धा, चावलं की रेबीजची लस घ्यायचीच. रानटी सस्तन प्राण्याचा चावा आपल्याकडं सरळ तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरतात. मे २०२५ मध्ये आमच्याच निमाडात, बडवानी जिल्ह्यातल्या लिंबई गावात, एका अनोळखी जनावरानं पहाटे झोपलेल्या माणसांना चावे घेतले आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांतले अनेक जण दगावले. संशय रेबीजचाच होता. त्या बातमीनंतर इथं आमच्याकडं महिनाभर साध्या ओरखड्यालाही लोक रांगेत उभे होते. मग रांग ओसरली.

लोक दोन ठिकाणी चुकतात. जखमेत हळद, तंबाखू, चुना, मिरची, डिझेल, जे हाताशी असेल ते भरतात. आणि लस ‘घेतली’ म्हणजे पहिली सुई घेतली, असं समजतात. खरं औषध सगळ्यांत आधी नळाखाली आहे. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हा विषाणू साबणानं मरतो. त्यानंतर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, ते तयार प्रतिकारशक्ती देतं, कारण लशीला अंगात काम सुरू करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग लशीचे डोस, दंडात घेतले तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चेहऱ्यावरच्या चाव्यात तर एक तासही दवडायचा नाही, तिथून मेंदू जवळ. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस हातचा गेलाच म्हणून समजा. नोकरीच्या सुरुवातीला पाहिलेला एक पाण्याचा पेला आणि त्याकडं बघून आवळत गेलेला एका पोराचा गळा मला विसरता आलेला नाही. त्या पोराला कोल्हं चावलं होतं, आणि घरच्यांनी बुवाकडून दोरा बांधून आणला होता.

साप हा वन्यप्राणी आहे हे लोक विसरतात. वाघ, बिबटे, अस्वलं, डुकरं, हत्ती यांनी सगळ्यांनी मिळून जेवढी माणसं मारली असतील त्याच्या अनेकपट एकट्या सापांनी मारली आहेत. देशभरातल्या मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासावरून २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज निघाला, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. त्यांतला मोठा भाग खेड्यातला, पावसाळ्यातला आणि शेतातल्या माणसांचा. जागलीला गेलेला माणूस डुकराला भिऊन बॅटरी दूरवर मारतो, आणि पाय ठेवतो घोणशीवर.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायला आम्ही जे करतो त्याला ना मोठं यंत्र लागतं ना वीज. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, त्यात दोन मिली रक्त, आणि नळी वीस मिनिटं हलवायची नाही. मग हळूच तिरकी करायची. रक्ताची गाठ झाली असेल तर ती जागची हलत नाही. रक्त पाण्यासारखं ओघळलं, की अँटिव्हेनमची बाटली फोडायची. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणानं धुतलेली असली तर चाचणी फसते, म्हणून माझ्या टेबलाच्या खणात कोऱ्या काचेच्या नळ्या वेगळ्या असायच्या आणि त्यांना कुणी हात लावला की मी भांडायची. मण्यारीचं विष वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, सकाळी माणूस म्हणतो पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत. अशा पेशंटला घरचे बाहेरचं झालं म्हणून मांत्रिकाकडं घेऊन जातात. खाट आणि मच्छरदाणी यांनी जेवढे जीव वाचतात तेवढे माझ्या सुईनं वाचले नसतील.

कायद्याचं थोडंसं. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा. पीक नासवणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देण्याची सोय कायद्यात आहे, आणि २०१५-१६ मध्ये केंद्रानं बिहार, उत्तराखंडात काही भागांपुरतं रानडुकराला उपद्रवी जाहीरही केलं होतं. आमच्या भागात परवानगीचा कागद घेऊन डुक्कर मारलेला शेतकरी मला भेटला नाही. कागद मिळेपर्यंत मका घरात येतो नाहीतर डुकराच्या पोटात जातो. माझ्या मते नुसत्या बंदुकीनं हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये रानटी डुकरं वाटेल तेवढी मारायला मोकळीक आहे, तरी त्यांची संख्या लाखोंत आहे, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथं एका वृद्ध जोडप्याकडं कामाला आलेली बाई पहाटे गाडीतून उतरून घराच्या दारापर्यंत पोचायच्या आत डुकरांनी मारली. गावानं मिळून शिवारभर सोलरचं कुंपण घालणं, त्याला सरकारी अनुदान वेळेत मिळणं, आणि जागलीला एकट्यानं न जाणं, यातून जास्त जीव वाचतील. एकाच शेतकऱ्यानं कुंपण घातलं तर डुकरं शेजाऱ्याकडं जातात आणि बांधावरून नवी भांडणं सुरू होतात. तेही पेशंट मग आमच्याकडंच येतात.

भरपाई मिळते, पण मागावी लागते. मध्य प्रदेशात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर ८ लाख मिळायचे, २०२४ च्या अखेरीला सरकारनं ही रक्कम २५ लाखांवर नेत असल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातही २५ लाख आहेत, आणि तिथल्या यादीत रानडुकराचं नाव आहे. जखमीच्या उपचाराचा खर्च वेगळा. सर्पदंशाच्या मृत्यूला मध्य प्रदेशात महसूल खात्याकडून ४ लाख मिळतात, पण त्याला शवविच्छेदनाचा कागद लागतो, आणि गावाकडं लोक तोच टाळतात. रडणाऱ्या बाईला “आधी पोस्टमॉर्टेम करून घे गं माय” हे सांगायची वेळ माझ्यावर अनेकदा आली.

तेव्हा ज्यांची शेतं जंगलाला लागून आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच. माळ्यावर बॅटरीबरोबर एक साबणाची वडी, पाण्याचा कॅन आणि स्वच्छ सुती कापड ठेवा. रक्त येत असेल तर कापडाची घडी जखमेवर दाबून धरा आणि सोडू नका. चावा असेल तर धुवा. साप चावला तर चिरू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका, पाय फळीला बांधून हलू न देता न्या. १०८ ला फोन करा, गाडी येत नसेल तर मिळेल त्या वाहनानं निघा, पण बुवाच्या घरावरून जाऊ नका. दवाखान्यात पोचल्यावर केसपेपरवर जनावराचं नाव लिहायला लावा, आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. ४८ तासांनंतर गेलात तर पहिला प्रश्न येतो, “कशावरून जनावरानंच मारलं?”